सांधे वगळून

माळदऱ्याची तुतारी प्रयोगशाळेत आली तेव्हा तिच्या रुंद तोंडात झेंडूचे फूल खोचलेले होते. वाटेत ते पडू नये म्हणून सोपान गुरवांनी वरून रुमाल बांधला होता आणि भोरपासून पुण्यापर्यंत तुतारी मांडीवर आडवी धरून आणली होती. बरोबर हौसाबाई मळेकर होत्या. त्यांचे इथे खरे तर काही काम नव्हते. तुतारी निघाली म्हणून त्याही निघाल्या.

हर्षदा वडकेने रुमाल सोडला आणि पितळेला हात लावताच तिला ती ओळखू आली. ती नानांनी घडवलेली होती. नाना मार्गशीर्षात गेले. आता माघ चालू होता, आणि वडिलांच्या हातची वस्तू कामाच्या टेबलावर पाहायला तिचे मन तयार झालेले नव्हते. तिने फूल काढून बाजूला ठेवले आणि कामाचे विचारले.

सोपानकाका गुरव म्हणजे माळदऱ्याच्या काळकाईचे पुजारी, आणि तुतारी फुंकणारेही तेच. त्यांनी सांगितले, की तुतारीला तडा गेला आहे आणि हवा निसटते. घडवणारा तर गेला. तांबट आळीत चौकशी केली, पण हल्ली तिथे शोभेच्या वस्तू तेवढ्या होतात. चैत्रात जत्रा आहे. सगळीकडे आता प्लास्टिकची छापील वाद्ये आली आहेत, तशी एक मिळाली तर पालखीची अडचण होणार नाही. बोलताना ते तिची नजर चुकवत होते. वडक्यांच्या मुलीकडे वडक्यांच्या तुतारीची नक्कल मागायची, हे त्यांना जड जात होते.

तिला मात्र त्यात काही वाटले नाही. तेच तिचे काम होते.

प्रयोगशाळेत कपाटाएवढे एक यंत्र होते. कागदोपत्री त्याचे नाव लांबलचक होते, पण सगळे त्याला ‘आरपार’ म्हणत. एकेकाळी अशा कामाला अणुभट्टी लागायची. आता न्यूट्रॉनांचा झरा कपाटात मावू लागला होता. पितळेच्या जाड भिंतीत क्ष-किरण अडखळतात, पण काचेतून उजेड जावा तसे न्यूट्रॉन तिच्यातून पलीकडे जातात. त्यांना अडवतात ती पाणी, मेण, तेल आणि चांदी यांसारखी मोजकी द्रव्ये. आरपार वाद्य सावकाश फिरवून त्याच्या असंख्य सावल्या टिपायचे आणि त्यांतून आतली पोकळी केसाच्या जाडीइतक्या बारकाईने पडद्यावर उभी करायचे. शिवाय भिंतीत कोणता धातू किती आहे, तेही सांगायचे.

पोकळी कळली की आवाज कळला, कारण तुतारीत वाजते ती हवा. फुंकणाऱ्याचे ओठ थरथरतात, त्यांची लाट नळीतून पुढे जाते, रुंद तोंडाशी तिचा थोडा भाग बाहेर पडतो आणि उरलेला मागे फिरतो. परत आलेली लाटच ओठांना सांगते, की आता या गतीने थरथरा. नळी कुठे निमुळती आहे, कुठे पसरते, शेवटी किती उघडते, यावर ती गती ठरते. धातूचे काम एवढेच, की हवेला आकारात धरून ठेवायचे. तोंडाचा पत्रा फार पातळ असेल तर तो स्वतःही जरासा थरारतो आणि वाजवणाऱ्याच्या हाताला ते कळते, पण दूर उभ्या असलेल्या माणसाच्या कानापर्यंत त्यातले जवळजवळ काही पोचत नाही. म्हणून त्याच पोकळीची तुतारी वनस्पतीपासून केलेल्या प्लास्टिकमध्ये छापली, तरी आवाज तोच निघतो. हर्षदाने हे सिद्ध केले होते. लग्नाचे बँड त्यावरच चालत होते. गळ्यातले ओझे हलके झाले म्हणून वाजवणारे तिला दुवा देत.

नानांना हे कधी पटले नाही.

“घागर तांब्याची असो की मातीची, नाना, पाण्याला आकार घागरीचाच येतो,” ती म्हणायची.

“आणि चव कशाची येते?”

“चव जिभेला लागते. कानाला नाही.”

“तुझ्या कानाला नसेल लागत,” नाना म्हणायचे आणि पुन्हा हातोडी उचलायचे.

एकदा तिने त्यांना प्रयोगशाळेत आणून पडद्यामागून दोन तुताऱ्या वाजवून दाखवल्या होत्या. एक त्यांची, एक छापील. आपली ओळखा म्हणाली. नानांनी डोळे मिटून ऐकले आणि छापील तुतारीकडे बोट दाखवले. पडदा सारल्यावर ते मोकळेपणाने हसले. म्हणाले, बरं झालं, आता खांदा दुखवायला नको. त्या दिवशी ती खूश होती. आळीतल्या घरात त्यानंतर बरेच दिवस ठोक ऐकू आला नाही, हे तिच्या लक्षात आले होते. पण तिने त्याबद्दल विचारले नाही.

तुतारी यंत्रात ठेवण्याआधी तिने ती उजेडात फिरवून पाहिली आणि मनातल्या मनात चुकचुकली. नानांच्या मानाने काम ओबडधोबड होते. दोन-तीन लांब नळ्यांत जे भागले असते, ते त्यांनी आखूड आखूड तुकडे जोडून केले होते. वीतभर जाताच सांधा, आणखी वीतभर जाताच पुन्हा सांधा. उरलासुरला पत्रा वापरला असणार, असे तिला वाटले.

“बाय,” इतका वेळ गप्प असलेल्या हौसाबाई म्हणाल्या, “तुझ्या यंत्रात समदं दिसतं म्हणत्यात. मग माझ्या बनीचे वाळे दिसतील का गं त्यात?”

मग सोपानकाकांनी माळदऱ्याची रीत सांगितली. देवीची नवी तुतारी घडायची असते तेव्हा प्रत्येक घर आपल्या गेलेल्या माणसाची चांदीची एखादी वस्तू तांबटाला देते. कुणाचा करगोटा, कुणाची जोडवी. त्याला आवाजात घालणे म्हणतात. जत्रेत पालखी उचलली की तुतारी होते, आणि ती चालू असेपर्यंत ज्याने त्याने आपल्या माणसाचे नाव घ्यायचे. ही तुतारी घडली त्याच्या आदल्या पावसाळ्यात हौसाबाईंची पाच वर्षांची मुलगी तापाने गेली होती.

हर्षदाला हे माहीत नव्हते. नानांनी कधी सांगितले नव्हते, किंवा सांगितले असेल तेव्हा तिने ऐकले नसेल. तिने हौसाबाईंना समजावले, की वितळलेली चांदी सगळीकडे विखुरलेली असेल, वाळे असे दिसणार नाहीत, पण बनी कणाकणाने सगळ्या तुतारीत आहे एवढे यंत्र नक्की सांगेल. हौसाबाईंना ते फार आवडले. कणाकणाने, असे त्या दोनदा म्हणाल्या.

ती दोघे संध्याकाळच्या गाडीने परतली. दुसऱ्या दिवशी आकडे आले. तांबे, जस्त, नावाला शिसे. चांदी नाही.

तिने यंत्र तपासले. दुसऱ्या वाद्यावर चालवून पाहिले. तुतारी पुन्हा आत ठेवली. चांदी नाही. कणभरही नाही.

*

तांबट आळीतल्या घरी देवासमोर चांदीचे निरांजन होते. नाना गेल्यापासून हर्षदा रोज संध्याकाळी तिथे जाऊन ते लावत असे, नानांच्या आणि आईच्या तसबिरींसमोर. त्या संध्याकाळी तेल घालता घालता तिचा हात थांबला. हे निरांजन घरात कधी आले, ते तिला आठवले. ती दहावीला होती. त्याआधी देवापुढे पितळी समई असायची. आई गेली आणि मग एका सकाळी हे दिसू लागले. माळदऱ्याची तुतारीही त्याच वर्षीची.

एकदा हे सुचल्यावर बाकीचे आपोआप जुळत गेले. उरल्यासुरल्या पत्र्याचे ते तुकडे. आपल्या गिऱ्हाइकांच्या रीतीबद्दल नानांचे ते गप्प राहणे. दरवर्षी न चुकता माळदऱ्याच्या जत्रेला जाणे. ते तिथल्या मानपानासाठी जातात असे ती समजत होती. आता वाटले, चोराला मन खात असेल, म्हणून जात असतील.

तिने पुष्कळ वाचले होते. थोरामोठ्यांची चरित्रे, आणि त्यांच्या मुलांनी लिहिलेली परखड पुस्तकेही. माणूस पुरा वाईट नसतो आणि पुरा चांगलाही नसतो, हे तिला पुस्तकातून ठाऊक होते, आणि ते आपल्या घरातही खरे निघाले याचे दुःख करत बसायचे नाही, असे तिने ठरवले. गप्प राहणे सोपे होते. छापील तुतारी देऊन टाकायची, चांदीचे कुणी पुन्हा विचारले नसते. पण हौसाबाईंनी विचारले होते, आणि खोटे सांगायचे नाही हे तर नानांनीच तिला शिकवले होते. त्या विचाराशी ती कडवट हसली.

चैत्रात ती दोन्ही तुताऱ्या घेऊन माळदऱ्याला गेली. एसटी विजेवर धावू लागल्यापासून गावात गाडी आल्याचा आवाज येत नसे. ती उतरून देवळापर्यंत चालत गेली तरी कुणाला कळले नाही. सभामंडप भरलेला होता. तिने सोपानकाकांना बाजूला घेऊन सांगितले असते तरी चालले असते. पण फसवणूक सगळ्या गावाची झाली होती, म्हणून तिने सगळ्यांसमोर सांगितले. आवाज न चढवता, नीट शब्दांत. यंत्र काय करते ते सांगितले, आकडे सांगितले. तुमच्या माणसांची चांदी या तुतारीत नाही. माझ्या वडिलांच्या वतीने मी तुमची माफी मागते. आईच्या तसबिरीपुढचे निरांजन तिला उचलवले नव्हते, म्हणून त्याच्या बदली घरातले चांदीचे ताट तिने बरोबर आणले होते. ते तिने देवीपुढे ठेवले.

मग सोपानकाकांनी ताट उचलून तिच्या हातात परत दिले.

“माणूस गेलाय, ताई,” ते म्हणाले. “झालं गेलं गंगेला मिळालं. तुम्ही सांगितलंत, तेच लई झालं.”

दोघा-तिघांनी मान डोलावली. एक म्हातारा पुटपुटला, की बाप तसा आणि पोर अशी, देवीची करणी. हर्षदाला त्या वेळी ते बोचले, आणि खरे सांगायचे तर कुठेतरी बरेही वाटले. हौसाबाई उठल्या, पदर खोचला आणि पालखी निघायच्या आत मंडपाबाहेर गेल्या.

पालखी उचलली. सोपानकाकांनी छापील तुतारी फुंकली. आवाज हुबेहूब तोच होता. तिला आकड्यांवरून आधीच माहीत होते तसाच, तसूभरही फरक नाही. तुतारी चालू होती आणि कुणीही नाव घेतले नाही. सगळे एकमेकांकडे न बघता उभे होते.

जुन्या तुतारीचे काय करायचे, यावर निघण्यापूर्वी चर्चा झाली. कुणीतरी म्हणाले, मोडीत घाला, आता तिच्यात आपले आहे काय.

*

आषाढात एका दुपारी हर्षदा डबा उघडून बसली होती. समोर एस्तेर साळवे पडद्यावर काम करत होती. ती आरपारचे प्रोग्रॅम सांभाळायची. वर्षभर बँडवाल्यांची एकच तक्रार होती. यंत्र सगळे दाखवते, पण वाद्य गळते कुठून तेवढे दाखवत नाही. वाद्ये गळतात ती सांध्यांत. आणि आरपार सांधे बघतच नव्हते. सांध्याशी भिंत जाड होते, तिथे दोन पत्रे एकावर एक असतात, मोजमाप बिघडते. पोकळीच्या हिशेबाला तर त्यांची गरजच नसते. म्हणून प्रोग्रॅम प्रत्येक सांध्याभोवतीची पट्टी कापून टाकायचा आणि दोन्ही बाजूंवरून मधले भरून घ्यायचा. फार वर्षांपूर्वी ती ओळ हर्षदानेच लिहिली होती. तिच्या शोधनिबंधात त्या ओळीचा अभिमानाने उल्लेखही होता.

एस्तेरने आता सांधे धरून चालणारा प्रोग्रॅम लिहिला होता आणि जुन्या सगळ्या नोंदींवर तो चालवून पाहत होती.

“ताई,” ती हसत म्हणाली, “ही तुतारी वाजवायची की घालायची? हिच्यात तर बांगड्या भरल्यात.”

हर्षदाने मान वर केली. पडद्यावर माळदऱ्याची तुतारी होती, राखाडी, आणि तिच्यावर ठरावीक अंतराने पांढऱ्या कड्या. प्रत्येक आडव्या सांध्यात एक. रुंद तोंडाशी मोठी, मग लहान, मग आणखी लहान. एस्तेरने चांदीला पांढरा रंग दिला होता.

हातातला पोळीचा तुकडा तिने डब्यात परत ठेवला.

चांदी सापडली याचा धक्का मोठा होता, पण त्यामागून जे आले ते त्याहून वाईट होते. नाना पितळ वितळवतच नसत. त्यांच्या उभ्या आयुष्यात त्यांनी कधी पितळ ओतले नव्हते. बाजारातून पत्रा यायचा, ते तो कापायचे, वळायचे, ठोकायचे आणि झाळायचे. घरात एक शेगडी आणि भाता, एवढेच. सांध्यावर टाकणखार टाकायचा, चांदीचा कीस ठेवायचा, आणि लाल झाले की तो कीस पाण्यासारखा धावत फटीत शिरायचा. हे तिला कुणी सांगायला नको होते. दहा-अकरा वर्षांची असताना भाता तीच ओढायची. चांदी धावली की नाना म्हणायचे, बघ, आता ही जन्मात सुटत नाही.

चांदी भिंतीत कशी असेल? ती दुसरीकडे जाणार कुठे? हौसाबाईंना ठाऊक नसणे ठीक होते. ‘कणाकणाने’ हा शब्द त्यांना तिने दिला होता. त्या घरात वाढलेल्या तिने.

एस्तेरने विचारले, ताई, काय झालं. तिने सांगितले, काही नाही, प्रोग्रॅम चांगला झालाय.

त्या संध्याकाळी तिने निरांजन विझलेलेच हातात घेतले आणि पहिल्यांदाच उलटे केले. तळाशी, लग्नातल्या भांड्यांवर घालतात तसे, बारीक अक्षरात नाव घातलेले होते: चि. सौ. कां. रजनी हिस, आईकडून. आईचे माहेरचे निरांजन. इतकी वर्षे ट्रंकेत असेल, आणि ती गेल्यावर तिच्या तसबिरीपुढे लावायला नानांनी बाहेर काढले असेल. तिने ते इतके दिवस स्वतःच्या हाताने घासले होते. उलटे करायला क्षणसुद्धा लागला नसता.

*

हौसाबाईंच्या दाराला कडी लावलेली नव्हती. त्या ओटीवर कुळीथ निवडत होत्या. हर्षदाला पाहून त्या उठल्या नाहीत आणि बसही म्हणाल्या नाहीत. ती पायरीवर बसली.

तुतारी मोडीत गेली का, हे तिने आधी विचारले.

“भंगारवाला आला हुता,” हौसाबाई म्हणाल्या. “म्या न्हाई दिली. माझं त्यात कायबी नसंना का, इतकी वर्सं हात जोडलेत तिला. तिच्यावर पाय दिऊन तिला चेपायची, हे काय मला बघवंना.”

तुतारी आत भाताच्या कणगीत होती. रुंद तोंडात चिंधी कोंबलेली. हर्षदाने ती बाहेर आणून ओटीवर ठेवली, शेजारी पांढऱ्या कड्यांचे चित्र ठेवले आणि सगळे सांगितले. यंत्र सांधे वगळत होते. वगळायला मीच शिकवले होते. चांदी सांध्यांत आहे. नानांनी काही घेतले नाही. खरे तर दोन-तीन सांध्यांत तुतारी झाली असती, पण त्यांनी मुद्दाम जास्त सांधे घातले. म्हणजे प्रत्येक घरचे वेगळे राहील, मिसळणार नाही.

हौसाबाईंनी चित्र हातात घेऊन निरखले. मग नावे घेत घरे मोजू लागल्या. गुरव, वरचे मळेकर, खालचे मळेकर, शेडगे, दिघे. एकेका घराबरोबर त्या एकेका सांध्यावर बोट ठेवत फुंकायच्या बाजूकडे येत होत्या. तिथे नळी करंगळीएवढी होते. तिथल्या सांध्याला सर्वांत कमी चांदी लागते.

“मुलीचे वाळे लहान असतील,” हर्षदा म्हणाली. “हा सांधा तिचा असेल. खात्री नाही देता येणार.”

हौसाबाईंनी त्या सांध्यावर अंगठा ठेवला आणि तसाच राहू दिला. त्या रडल्या नाहीत.

“म्या तुझ्या बापाला शिव्या दिल्या,” थोड्या वेळाने त्या म्हणाल्या. “चार म्हैने. तोंडाला यील ते बोलले. इतकी वर्सं बनी हितं हाय म्हनून म्या मानलं, आन् तू एका सांजला न्हाई म्हनलीस तर म्या तेबी मानलं. तुझं यंत्र हुतं ना. आता त्येची माफी म्या कुनाकडं मागू?”

हर्षदाला तर हाच प्रश्न विचारायचा होता, आणि तो विचारायचाही हक्क आपल्याला नाही असे वाटत होते.

“एक कडं उरलं,” हौसाबाई एकदम म्हणाल्या.

“काय?”

“घरं सरली. ह्ये मधलं समद्यात येगळं, ह्ये कुनाचंच न्हाई.”

त्यांनी पुन्हा मोजले. हर्षदानेही मोजले. घरांपेक्षा सांधा एक जास्त होता. तुतारीच्या मधोमध, जिथे ती वळते तिथे. इतर सांध्यांहून नेटका.

“तुझी आई कवा गेली?” हौसाबाईंनी विचारले.

“ही घडली त्याच वर्षी,” हर्षदा म्हणाली. आईच्या वस्तूंत जोडवी सापडली नव्हती. आत्याने तेव्हा बरेच दिवस शोधली होती.

“दरसाल यायचा त्यो,” हौसाबाई म्हणाल्या. “खांबापाशी हुबा ऱ्हायचा. तुतारी झाली की त्येचेबी ओठ हलायचे. आमाला वाटायचं, देवीचं नाव घेतोय.”

*

पुढच्या चैत्रापर्यंत तिने तडा झाळला. ते काम दुसऱ्या कुणाकडे देता आले असते, पण तिने नानांची शेगडी पेटवली आणि स्वतःच केले. झाळलेल्या जागी ढेकूळ राहिले. नानांनी ते पाहिले असते तर न बोलता कानस तिच्या पुढे सरकवली असती. चव्हाट्यावर सगळे पुन्हा सांगायचे, हे तिने ठरवले होते, आणि तिने सांगितले. त्याच मंडपात, तशाच नीट शब्दांत. चित्रे सगळ्यांच्या हातात दिली. या वेळी कुणाच्या वतीने माफी मागायची नव्हती. तिने स्वतःची मागितली.

लोकांनी ऐकून घेतले. चित्रे निरखली. मग मागून एक तरुण आवाज आला, “ताई, पुढच्या वर्षी काय सांगणार?” आणि मंडपात हसू पसरले. त्यात विखार नव्हता. सोपानकाकांनी त्याला दटावले, पण तेही ओठ दाबत होते. काहींना पटले. काहींनी खांदे उडवले. यंत्र त्यांनी एकदा मानले होते, आता पुन्हा मानायचे तर कशाच्या जोरावर, हे त्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होते. आणि त्यांचे काही चुकत नव्हते.

पालखीला अवकाश होता म्हणून ती पाय धुवायला नळावर गेली. तिथे दोघी बाया बोलत होत्या. तिला त्या ओळखत नव्हत्या. एकीचे कानातले हरवले होते. घरातच ठेवले होते, पण सापडत नव्हते.

“झाली मग वडक्याची चांदी,” दुसरी म्हणाली आणि कळशी कमरेवर घेतली.

ती सहज म्हणाली, ‘वाटाण्याच्या अक्षता’ म्हणावे इतक्या सहज. पहिली हसली. ती कदाचित दुसऱ्या गावाहून सून म्हणून आलेली असेल. वडके कोण, हेही तिला माहीत नसेल. शब्द गावाच्या तोंडात बसला होता. हर्षदा नळाखाली पाय तसेच धरून उभी राहिली. मंडपात काय सांगितले जाते त्याने आता काही होणार नव्हते. ती जाईल, हौसाबाई जातील, आणि माळदऱ्यात काही हरवले की नानांचे नाव निघत राहील. आवाजात कुणाला घालायचे ते नानांना येत होते. तिनेही नानांना घातले होते.

पालखी उचलली तेव्हा ती त्याच खांबापाशी होती. हौसाबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. सोपानकाकांनी पितळी तुतारी तोंडाला लावली. आवाज आकड्यांत होता तसाच आला. चांदीने त्यात कणाचाही फरक पडलेला नव्हता, नाना त्याबाबतीत चुकले होते ते चुकलेच होते. पण भोवताली या वेळी कुजबूज उठली. कुणाची आई, कुणाचा भाऊ, कुणाचा नवरा. नावे सगळ्यांनी नाही घेतली, बऱ्याच जणांनी घेतली. हौसाबाई म्हणाल्या, “बने.”

मग त्यांनी तिला कोपराने हलकेच ढोसले. “घे की तुझं.”

हर्षदाने तोंड उघडले. आईचे नाव घ्यायला आपण इतकी वर्षे आलो नाही. नानांची चांदी तर त्यात नाहीच. जे घालायचे ते त्यांनी स्वतःच्या हाताने घातले आणि स्वतः बाहेर राहिले. आणि ज्या तोंडाने त्यांना चोर ठरवले, ते हेच. दोघांपैकी कुणाचे नाव घ्यायचा हक्क आपल्याला उरला आहे, हे तिला ठरवता येईना. सोपानकाकांचा दम लांब होता. तुतारी पुष्कळ वेळ चालली, आणि मग थांबली.

पालखी पुढे सरकली. हौसाबाई तिच्याकडे न बघता चालू लागल्या.

“राहू दे,” त्या म्हणाल्या. “पुढल्या साली घे.”